एक मात्रा खाल्ली

इंग्लंडमधल्या संडरलंडच्या गोदीत वेल्डिंग शिकणाऱ्या अल्विन पायबसने अमेरिका पाहिली नव्हती, ऐकली मात्र भरपूर होती. खलाशांकडून मिळवलेली ब्लूजची, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची, एकेक तबकडी तो झिजेपर्यंत वाजवायचा आणि ऐकून ऐकून बेस गिटारवर बसवायचा. त्याची मामेबहीण ग्लेंडा गायची, बार्नी ड्रम बडवायचा, आणि शनिवारच्या नाचाला गाव लोटायचं. एकोणीसशे चौसष्ट साली लंडनहून पहिली तबकडी काढायचं बोलावणं आलं, तेव्हा गाणं कोणतं यावर वादच झाला नाही. अमेरिकेतल्या एल्रॉय टिब्जचं, आगगाडी चुकलेल्या बाईचं!

स्टुडिओ म्हणजे भाजीच्या दुकानावरची एक कोंदट खोली. रेकॉर्डिंग करणारे लॅचफर्ड दार उघडून म्हणाले, "मंडळी, एक पाहुणे आणलेत. सध्या इंग्लंडच्या दौऱ्यावर आहेत."

मागून करड्या सुटातला उंच, कृष्णवर्णीय म्हातारा आत आला. तबकडीच्या वेष्टणावरचाच चेहरा! खुद्द एल्रॉय टिब्ज!

"वाजवा की," टिब्ज खुर्चीत टेकत म्हणाले. "माझं गाणं तुमच्याकडे कसं नांदतंय, बघू तरी."

तिघांनी जीव तोडून वाजवलं. टिब्जांचा पाय ठेका धरून होता. तिसऱ्या कडव्यात मात्र तो हवेतच अडकला. गाणं संपलं तेव्हा म्हातारा डोळे पुसत हसत होता.

"एक मात्रा कुणी खाल्ली रे?"

"तुमच्या तबकडीवर तसंच आहे," अल्विन चाचरला.

"माझ्या?"

बार्नीने कपाळावर हात मारला. "अल्व्या, तिथे चरा पडलाय ना रे! सुई उडी मारते!"

"म्हणजे इतकी वर्षं मी चरा गातेय?" ग्लेंडा किंचाळली.

अल्विनला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण टिब्ज म्हणाले, "लाजतोस काय? माझ्या काकाच्या गिटारीला एक तार कमी होती. मला वाटायचं, गाणंच तसं आहे. राहू दे तुमची उडी, मजा येते. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला काय घेताय?"

अल्विनने नाव सांगितलं.

"त्याचीही तबकडी आहे तुझ्याकडे? मग नको." त्यांनी ग्लेंडाला जवळ बसवून एक नवंकोरं गाणं शिकवलं. कुठेही न छापलेलं.

"सूर कधी बदलायचा?" अल्विनने विचारलं.

"ती बदलेल तेव्हा."

"आणि ती कधी बदलेल?"

"मला काय ठाऊक? तिच्याकडे बघ!"

पहिल्या खेपेला नुसता गोंधळ. ग्लेंडा एका वाटेला, बार्नी दुसऱ्या. मग अल्विनने आठवायचं सोडून दिलं. बहिणीचा श्वास, खांद्यांची हालचाल पाहत तो वाजवू लागला, आणि बोटं आपसूक पुढे गेली. लॅचफर्ड काचेमागे सिगारेट पेटवायची विसरले.

रेडिओने उचललं ते हेच दुसऱ्या बाजूचं गाणं. तबकडीवर रचनाकार म्हणून टिब्जांचं नाव होतं. शरद ऋतूत ते दौऱ्यावर संडरलंडला आले, तेव्हा साथीला हेच तिघे. खेळाआधी अल्विनच्या आईने त्यांना घोटलेले वाटाणे लावलेलं हॅमचं सँडविच खाऊ घातलं.

"माझा पोरगा नीट वाजवतो ना हो?" तिने विचारलं.

"ऐकतो नीट," टिब्ज म्हणाले आणि दुसऱ्या सँडविचला हात घातला.