गजराजचा डबा

भगवानरावांची जीप सव्वीस वर्षांची होती. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता राजूरचा भंगारवाला ती न्यायला येणार होता.

इंजिन गेलं, हा निर्णय भगवानरावांचा. पोळ्यापासून जीप निळा धूर सोडत होती, उभी राहिली की खाली तेलाचा डाग पडत होता आणि मारेगावचा चढ चढून गाडी तापली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकत होता. पोळ्याआधी यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या मुलीला, समीक्षाला, हेच खुपत होतं, कारण पोळ्याला ऑइल तिनं बदललं होतं.

या घरात बैल विकल्यापासून पोळ्याला जीपच सजते. बॉनेटला गेरू, आरशाला झूल आणि त्याच दिवशी नवीन ऑइल. दुसरं ऑइल होळीला. गजराज कंपनीचा चेपलेला पत्र्याचा डबा घेऊन भगवानराव पांढरकवड्याला धर्मपाल मिस्त्रीकडे जायचे आणि भरून आणायचे. यंदा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून समीक्षा मारेगावच्या दुकानात गेली. तिथं गजराज नव्हतं. तिनं सगळ्यात महागडा कॅन घेतला.

"म्हाताऱ्या इंजिनाले आता तरी चांगलंचुंगलं खाऊ दे," असं ती आईला, इंदूबाईंना, म्हणाली होती.

सोमवारपासून कापसाची वेचणी होती. शेत अकरा किलोमीटरवर. वेचायला येणाऱ्या लालीबाईला आणि तिच्यासोबतच्या आठ जणींना न्यायचं-आणायचं काम समीक्षानं अंगावर घेतलं होतं. जीप नसेल तर त्या दुसऱ्याच्या शेतात जाणार, हे लालीबाईनं स्पष्ट सांगितलं होतं.

गुरुवारी दुपारी समीक्षानं गजराजचा रिकामा डबा सीटवर ठेवला आणि जीप पांढरकवड्याला काढली. वाटेत दोनदा थांबून ऑइलची पट्टी ओढून पातळी पाहिली.

धर्मपाल एका ट्रकखालून बाहेर आला. त्यानं पट्टीवरचं ऑइल अंगठ्यावर घेऊन चोळलं.

"हे काय टाकलं व पोरी?"

"सगळ्यात भारी होतं ते. फाइव्ह-थर्टी."

"भारी आहे, पण नव्या कारसाठी. पाण्यासारखं पातळ. तुह्या गाडीच्या पिस्टनच्या रिंगा घासल्या, सील कडक झाले. हे तिथून निसटते आन् जळते. गाडी तापली का अजून पातळ होते, म्हणून दिवा लागते."

"मंग गजराजच द्या ना, काका." तिनं डबा पुढं केला.

धर्मपाल हसला. "गजराज बंद होऊन पंधरा वर्षं झाली. या डब्यात मीच भरून देतो, माह्या ड्रममधून."

"बाबाले माहीत आहे?"

"तवाच सांगितलं होतं. म्हणे, असू दे, डब्बा हाच ठेव."

समीक्षाला हसावं की चिडावं कळेना. "मग कोणत्या कंपनीचं घेऊ?"

"कंपनी मागून पाह्य. आधी हा नंबर पाह्य." त्यानं फळीवरच्या एका सीलबंद कॅनवर बोट ठेवलं. ट्वेंटी-फॉर्टी, डिझेल इंजिनसाठी. "याच जाडीचं कोणतंही चांगलं, सीलबंद ऑइल चालते. तुह्या बापाची गाडी डब्ब्यानं नाही टिकली. पोळा आन् होळी कधी चुकवली नाही, त्यानं टिकली."

त्यानं जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, नवं भरलं. "धूर पुरा नाही जाणार," तो म्हणाला. "रिंगा कधीतरी बदलाव्याच लागतीन. पण दर सकाळी पट्टी पाहशील तर गाडी दोन हंगाम कुठं नाही जात."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला भगवानराव काळा चष्मा लावून अंगणात आले. जीपखाली वाकून पाहिलं. रात्रभरात रुपयाएवढा डाग पडला होता. परवा परातीएवढा होता.

"कोणतं टाकलं?"

"ट्वेंटी-फॉर्टी."

"कंपनी विचारून राह्यलो मी."

"गजराज बंद झाली, बाबा. पंधरा वर्षांआधी धर्मपालकाकानं तुम्हाले सांगितलं होतं."

"सांगितलं असन," भगवानराव म्हणाले. "काहून, डब्बा तर चांगला होता न!"

स्वयंपाकघरातून इंदूबाईंचा आवाज आला. "पंधरा वर्षं डब्ब्याची पूजा करून राह्यला हा माणूस!"

भगवानराव जीपमध्ये शेजारच्या सीटवर बसले. समीक्षानं मारेगावचा चढ एकदा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. वर पोचल्यावर इंजिन चालूच ठेवून पाच मिनिटं थांबली. भगवानराव डोळे बारीक करून लाल दिव्याच्या जागेकडे पाहत होते. चालू करताना थोडा निळा धूर आला होता, पण दिवा लागला नाही.

ते अंगणात परत आले तेव्हा पावणेअकरा झाले होते. भंगारवाल्याचा फोन आला. निघालो म्हणाला, गाडी घरीच आहे ना?

भगवानरावांनी समोर उभ्या जीपकडे पाहिलं. बॉनेट अजून गरम होतं.

"नाही बा," ते म्हणाले. "पोरगी घेऊन गेली. सोमवारपासून तिची ड्यूटी आहे."

फोन खिशात ठेवून ते मुलीकडे वळले. "जाय आता. खोटं पाडतं का मले? लालीबाईले सांगून ये."