माशांसाठी घासलेला हंडा

आमच्या ह्यांच्या तोंडाला देवाने कुलूप लावूनच पाठवलंय. बायकोशी बोलायचं तर आमटीत मीठ कमी आहे एवढंच, आणि मुलाशी बोलायचं तर मासे. तिसरा विषय नाही.

मुलाने, केयूरने, आमच्या पापडी गावातल्याच स्टेफीशी लग्न केलं. मुलगी ख्रिश्चन म्हणून हे लग्नाला गेले नाहीत. मी एकटीच रिक्षा करून गेले, शेवटच्या खुर्चीवर बसले, आशीर्वाद देऊन आले. घरी आले तर हे, आमचे विद्याधरराव, सोनचाफ्याला पाणी घालत होते. जेवलीस का, एवढंही विचारलं नाही त्या माणसाने. केयूरने तुळिंजला भाड्याने घर घेतलं. तुळिंज काय परदेशात आहे? पण तो आला नाही आणि ह्यांनी ये म्हटलं नाही.

त्याची माशांची टाकी तेवढी इथे राहिली. तिकडे तिसरा मजला आणि टँकरचं पाणी. केयूर मला म्हणाला, "राहू दे आई इथेच. आपल्या विहिरीचं पाणी त्यांना मानवलंय." मला वाटलं, झालं, आता हे काम माझ्याच गळ्यात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे टाकीसमोर स्टूल टाकून बसलेले.

रेनबो म्हणतात त्या माशांना. नाव एवढं मोठं आणि जीव बोटाच्या दोन पेरांएवढा. डोळे निळे, परांना पिवळी कड. सगळे एका थव्याने फिरायचे, इकडून तिकडे, तिकडून इकडे. सकाळी ऊन आत आलं की नर पर ताठ करून एकमेकांसमोर मिरवायचे. एकटा पडला की हा मासा रंग सोडतो, असं केयूर सांगायचा. ह्यांना आधी माशांचं काही नव्हतं. ह्यांचा जीव आतल्या झाडांत. लांब पात्याची, बारीक पानांची, दगडाला धरून वाढणारं मॉस, सगळं केयूरने लावलेलं. हे त्याला पाण्यातली वाडी म्हणायचे. माझी शिवणाची कात्री पळवून पानं छाटायचे. मी ओरडले की म्हणायचे, दुसरी घे.

रविवारी सकाळी केयूरचा फोन यायचा. माझ्याशी बोलून झालं की म्हणायचा, पप्पांना दे. मग मी भाजी निवडायच्या निमित्ताने तिथेच बसायचे.

"मासे कसे आहेत?"

"बरे आहेत."

"खातात ना?"

"खातात. डावीकडचं झाड वर आलं होतं, कापलं."

बस्स. पोरा, तू कसा आहेस, हे काही ह्यांच्या घशातून वर यायचं नाही. पण फोन ठेवल्यावर दिवसभर माणूस नरम असायचा. त्या फोनच्या आशेवर मी ते घर ओढत होते. मासे आहेत तोवर हे दोघं बोलणार, आणि बोलता बोलता एक दिवस सून घरात येईल, हे मी मनाशी धरून बसले होते.

आणि यंदा मे महिन्यात ते झालं. मॉसमध्ये अंडी दिसली. टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान, धाग्याला चिकटलेली. ह्यांनी चष्मा लावून मला दाखवली, रविवारी केयूरला सांगितली. पलीकडून तो केवढा हसला. मग हे म्हणाले, "येऊन बघ. पुढच्या रविवारी या दोघं."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. दोघं, म्हणाले हे. मी ऐकलं.

त्यात विहिरीने दगा दिला. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी खारट होतंच, यंदा तर तोंडात धरवेना. म्हणून टाकीला नळाचं पाणी आलं. केयूरने आधीच सांगून ठेवलं होतं, नळाच्या पाण्याला औषधाचा वास असतो, रात्रभर ठेवून मग घाला. त्यासाठी प्लास्टिकची बादली होती, त्यानेच दिलेली. पण ह्यांना ती बादली अचानक घाण वाटायला लागली. शिडी लावून माळ्यावर चढले आणि तांब्याचा हंडा खाली काढला.

हा हंडा माझ्या सासूबाईंचा. आमच्या घरात सून आली की पहिल्या दिवशी विहिरीवर जाऊन हा हंडा भरून आणते. मी आणला होता, माझ्या सासूबाईंनी आणला होता. केयूरच्या लग्नापासून तो माळ्यावर काळा पडून होता, कारण जिने आणायचा ती आलीच नव्हती. ह्यांनी अंगणात बसून चिंच आणि मीठ लावून तो घासला. हात दुखेपर्यंत घासला. लख्ख केला.

"कशाला काढलात?" मी मुद्दाम विचारलं.

"माशांसाठी. तांब्यातलं पाणी चांगलं."

बरं, म्हटलं. माशांसाठी तर माशांसाठी. रात्री उशीत तोंड घालून मी रडले, आनंदाने.

रोज रात्री हंडा भरायचा, सकाळी टाकीतलं थोडं पाणी काढून हंड्यातलं घालायचं. रविवारी टाकी काचेसारखी दिसली पाहिजे, हा ध्यास. आधी टाकीतल्या गोगलगायी मेल्या. हे म्हणाले, उन्हाने. मग मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. हे घाबरले. पाणी खराब झालंय म्हणाले आणि आणखी पाणी बदललं. हंड्यातलंच. मासे जितके मलूल होतील तितकं हे चांगलं पाणी घालणार. मी म्हटलं, केयूरला फोन करा. म्हणाले, "येणारच आहे ना रविवारी. त्याच्या आधी ठीक करतो." ह्यांना कमीपणा वाटला, मुलाला विचारायचं कसं.

शुक्रवारी एकच उरला. थवा नाही, मिरवणं नाही. दगडामागे जाऊन उभा राहिला, पांढुरका. हे स्टुलावर बसून होते, जेवायलाही उठले नाहीत. शनिवारी तोही गेला. सोनचाफ्याच्या बुंध्याशी खड्डा करून ह्यांनी सगळे तिथे पुरले आणि मला म्हणाले, "नको म्हणून सांग त्यांना. काय दाखवणार आता?"

मी नाही सांगितलं. मला मासे दाखवायचेच नव्हते, मला सून बघायची होती.

आली दोघं. स्टेफीने साडी नेसली होती, माझ्यासाठी केक आणला होता. ह्यांनी या म्हटलं आणि टाकीकडे तोंड करून बसले. केयूरने रिकामी टाकी पाहिली. चेहरा उतरला पोराचा. अंडी असलेल्या मॉसमध्ये बोट घालून बघितलं, ती पांढरी झाली होती.

"कशाने रे?" ह्यांनी विचारलं. पोर डॉक्टरला विचारते तसं.

केयूरची नजर टाकीशेजारच्या हंड्यावर गेली. लख्ख हंडा, काठोकाठ भरलेला. तो बघतच राहिला. मग बापाच्या हातांकडे बघितलं. चिंचेने त्यांची बोटं अजून उललेली होती.

"वय झालं होतं, पप्पा," तो म्हणाला.

स्टेफी सरबताचा पेला हातात धरून बसली. ह्यांनी तिच्याकडे पाहावं, काही विचारावं, एक शब्द, एक. मला ह्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण माणूस पाण्यातल्या झाडांकडे बघत होता. मी जेवून जा म्हणाले, तर ती हळूच केयूरला म्हणाली, निघू या आपण.

फाटकाशी केयूरने माझा हात धरला. "आई, तांबं माशांना विष. त्यात आंबट लावून घासलेलं, मग तर जास्तच उतरतं पाण्यात. पप्पांना सांगू नकोस." स्टेफी रिक्षात बसली होती. हंडा कशासाठी खाली काढला होता, हे तिला कधीच कळणार नव्हतं. तिला एवढंच कळलं असेल की ह्या घरात आपल्याशी कुणी बोलत नाही.

मी आत आले तर हे हंड्यासमोर उभे.

"सगळ्यांचं वय एकाच आठवड्यात झालं?"

एरवी माझी जीभ कशी चालते, सगळ्या पापडीला ठाऊक आहे. त्या वेळी एवढंच म्हटलं, "मासेच ते. त्यांचं काय सांगावं."

"याच्याकडे बघून गप्प झाला तो," हे म्हणाले. हंडा उचलून अंगणात नेला, ओतला, पुसला. शिडी लावली. मी म्हणत होते, राहू द्या खाली, राहू द्या हो. त्यांनी तो माळ्यावर पार मागे सारला, जिथून मला काढता येणार नाही.

पुढच्या रविवारी फोन आला. मी दोन शब्द बोलले आणि ह्यांच्याकडे दिला. घेतील असं वाटलं नव्हतं. घेतला.

"मासे..." केयूर सवयीने म्हणाला आणि थांबला.

मला पलीकडून पोराचा श्वास ऐकू येत होता. स्टेफी कशी आहे विचारा, मी हातवारे करत होते. विचारा ना. ह्यांनी माझ्याकडे पाठ केली.

"झाडं बरी आहेत," हे म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला.