गाववाल्यापासून काय लपवायचं?

शिवराम परबांनी डोंबिवलीच्या घरात कॉम्प्युटर आणला ते नव्व्याण्णव साल. इंटरनेटवर पोरं बिघडतात हे त्यांनी ऑफिसात चहा पिता पिता ऐकलं होतं, त्यामुळे आठवीतल्या मालूसाठी बंदोबस्त चोख होता. कीबोर्ड कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला. मालू बसली की हे शेजारी स्टूल टाकून पहारा देत. वाईट चित्र आलं रे आलं की वायर उपटायची, एवढंच त्यांना माहीत. पोरगी लिहिते काय, हे त्यांनी कधी वाचलं नाही.

शनिवारी मालू विठ्ठलवाडीला क्लासला गेली की मात्र साहेब स्वतः चॅटवर बसत. तिथे त्यांना सहदेव नावाचा कोणी भेटला. आपल्याकडे नवा माणूस भेटला की आधी गाव विचारायचं, मग बाकीचं. सहदेव म्हणाला, देवगड. झालं! कणकवलीच्या परबांना भाऊच भेटला. मग बिल्डिंगचं नाव, फोन नंबर, मालूचा क्लास, ती सहाला एकटीच सुटते, सगळं सांगून झालं. वर जेवायचं आमंत्रण.

"अहो, ओळख ना पाळख," त्यांची बायको मंदाकिनी म्हणाली.

"अगं, गाववाल्यापासून काय लपवायचं?"

पुढच्या शनिवारी मालू क्लासहून येऊन चप्पल काढतेय तोच फोन वाजला. मंदाकिनीने उचलला. पलीकडे पुरुषाचा आवाज होता. "मालू आली का क्लासवरून? आज निळा ड्रेस होता ना? द्या जरा तिला."

मंदाकिनीने रिसीव्हर आपटला आणि काय झालं ते सांगितलं. शिवराम मालूवर तुटून पडले. "कुणाला नंबर दिलास? एवढी कुलपं घालून शेवटी नाक कापलंस ना!"

"बाबा, मी कुणालाच काही देत नाही," मालू रडवेली झाली. "चॅटवर मी गंगुबाई आहे. वय पासष्ट, राहणार दिवा. सगळ्यांना तेच सांगते."

फोन पुन्हा वाजला. या वेळी शिवरामांनीच उचलला.

"काका, मी सहदेव. ओळखलंत ना?"

शिवरामांनी फोन ठेवला. पोरीचा पत्ता आपणच वाटला, आपणच.

पुढच्या शनिवारी ते क्लासच्या दाराशी उभे होते. सहदेवचा चेहरा काही त्यांनी पाहिलेला नव्हता. पानवाल्यापाशी उभा असलेला तो? की सायकलवाला? की हा हसणारा? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची त्यांना भीती वाटत होती.

मालू बाहेर आली. तेवढ्यात शेजारी उभा असलेला एक गृहस्थ गोड आवाजात म्हणाला, "मुलगी वाटतं तुमची? गाव कुठलं तुमचं काका?"

शिवरामांनी मालूचा हात घट्ट धरला.

"दिवा," ते म्हणाले, आणि चालू लागले.