रंगाखालची तुळई

मी एक जुनी तुळई आहे. घराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी राहून वासे, कौले आणि वरून येईल ते सगळे झेलणारी. म्हणजे झेलत होते. सध्या मी अंगणात दोन विटांवर पडून आहे आणि उद्या सुतार करवत घेऊन येणार आहे. तेवढ्या वेळात, मित्रांनो, माझी कहाणी ऐका.

जन्माने मी डोंगरउतारावरचे एक झाड. मला घडवले एका म्हाताऱ्या सुताराने. त्याने मला रंधा मारला, तेल पाजले, एक डोळा मिटून माझी सरळ रेघ पाहिली आणि शेवटी बोटांनी ठोकून कान लावला. "खणखणीत आहे," तो घरमालकाला म्हणाला. "दोन पिढ्या हिच्याकडे बघायला नको." आठ माणसांनी मला वर चढवले. घरमालक टपाल वाटणारा, मोठा सरळ माणूस. त्याने आणि त्याच्या मुलाने सुताराचा शब्द इतका पाळला, की खरोखरच दोन पिढ्या माझ्याकडे कुणी मान वर करून बघितले नाही!

तरी ते दिवस सुखाचे होते. घरातली मुले उड्या मारून मला शिवायला बघायची. ज्याचा हात लागेल तो मोठा झाला, असे घरात ठरलेले होते. एकेक करून सगळ्यांचे हात लागले आणि एकेक करून सगळे मोठे होऊन लांब गेले. शेवटी नात दाराला कुलूप घालून गेली, ती अकरा वर्षे फिरकली नाही.

त्या अकरा वर्षांत वरचे एक कौल सरकले. एकच, तळहाताएवढे. तिथून ओघळलेले पाणी माझ्या भिंतीत रुतलेल्या टोकाशी साचू लागले. आधी ओल धरली, मग कूज, मग वाळवी. आतून माझा भुसा होत होता आणि बाहेरून मी तुळईच दिसत होते. परमेश्वराने लाकडाला सोसायला दिले, सांगायला दिले नाही.

एके सकाळी कुलूप वाजले. नातीने घर विकायला काढले होते आणि बघायला एक रंगारी आणि त्याची बायको आली होती. रंगारी स्टुलावर चढला आणि त्याने माझ्या टोकाला बोट लावले. बोट पेरभर आत गेले.

"काय झालं हो?" बायकोने खालून विचारले.

"गेलीय ही. बदलावी लागेल. म्हणजे छप्पर उतरवणं आलं."

"तरीच एवढ्या स्वस्तात देतायत. पण बँकेतली ती बाई म्हणाली ना, घराला वेगळं कर्ज आणि दुरुस्तीला वेगळं?"

"म्हणाली खरी. त्यांचा इंजिनियर येऊन बघणार. तो लिहील तेवढे पैसे दुरुस्तीला मिळणार." रंगारी खाली उतरला आणि दारात जाऊन उभा राहिला. "ही पायरी बघ. एकच पायरी, की रस्ता. आई इथे बसेल."

त्या दोघांच्या बोलण्यातून मला सगळे कळले. ते भाड्याने राहायचे तिसऱ्या मजल्यावर. रंगाऱ्याच्या आईचे गुडघे संपावर गेले होते आणि ती दोन वर्षे जिना उतरली नव्हती. खिडकीतून तिला समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसे, बाकी काही नाही. तिने मुलाकडे एकच मागणे मागितले होते: "मरायच्या आधी एकदा दारात बसून येणारी-जाणारी माणसं बघू दे." या एका मागण्यासाठी तो माणूस कर्जाच्या दारात उभा राहिला होता. घर ठरले. त्याने इसारही देऊन टाकला.

आता ऐका, घोळ कसा झाला तो. इंजिनियर गुरुवारी येणार होता. मापे घ्यायला म्हणून किल्ली रंगाऱ्याकडे होती. सोमवारी तो आला, तो बादल्या, ब्रश आणि लांबीचा डबा घेऊन. लांबी म्हणजे भेगा बुजवायचा पांढरा लगदा. रंगाऱ्यांच्या धंद्यात एक शिस्त असते, गिऱ्हाईक येण्याआधी भिंत नीट दिसली पाहिजे. उघडी, पोपडे आलेली भिंत कुणाला दाखवायची म्हणजे त्याला अंगावर फाटका सदरा घालून मिरवल्यासारखे वाटे. बत्तीस वर्षांची सवय ती.

"अहो, हे काय करताय?" बायको जेवणाचा डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. "आहे तसं दाखवा ना! डॉक्टरकडे जाताना कुणी पावडर लावून जातं का?"

"तू जातेस."

"मी तोंडाला लावते, गळवाला नाही!"

रंगारी हसला, पण त्याचा हात थांबला नाही. "तुला नाही कळायचं. असं पडकं घर बघितलं, तर बँक म्हणेल याला पैसे देऊन काय करायचं? पहिलं कर्जसुद्धा जाईल. थोडं बरं दिसू दे. बाकी इंजिनियर आहे तो, शिकलेला माणूस. त्याला आतलं कळतंच."

तीन दिवस तो राबला. माझ्या कुजलेल्या टोकात त्याने अडीच डबे लांबी भरली, कानशीने घासून गुळगुळीत केली आणि वर गडद तपकिरी रंगाचे दोन हात दिले. लाकडाच्या रेषासुद्धा बारीक ब्रशने काढल्या. इतक्या प्रेमाने मला त्या म्हाताऱ्या सुतारानंतर कुणी हात लावला नव्हता. खोटे कशाला बोलू, मित्रांनो, मी सुखावले. माझेही जरा चुकलेच.

गुरुवारी इंजिनियर आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला त्या दिवशी अजून चार घरे बघायची होती. त्याने भिंतींवरून नजर फिरवली, फोटो काढले, माझ्याकडे बघून "वा!" म्हणाला. मी जीव एकवटून कुरकुरले. लाकडाचे ओरडणे ते एवढेच. नेमका त्याच वेळी रंगारी मोठ्याने खोकला. मुद्दाम खोकला की भीतीने, देव जाणे. इंजिनियरने कागदावर काहीतरी लिहिले, चहा नको म्हणाला आणि गेला. त्याने मला हातसुद्धा लावला नाही.

आठवड्याने बायको कागद घेऊन आली आणि खोलीच्या मध्ये उभी राहून वाचू लागली. "घर सुस्थितीत आहे. दुरुस्तीची आवश्यकता दिसत नाही. रंगकाम उत्तम."

क्षणभर रंगाऱ्याचा चेहरा उजळला. सगळ्या उमेदीत त्याच्या कामाला कुणी लेखी शाबासकी दिली नव्हती. मग त्याला वाक्याचा अर्थ लागला.

"म्हणजे दुरुस्तीचं कर्ज..."

"नामंजूर." बायकोने कागदाची घडी घातली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी तो बँकेत जाऊन खरे काय ते सांगून आला आणि माझ्याखाली भिंतीला पाठ लावून बसला. "साहेब म्हणाले, पुन्हा तपासणी हवी तर लिहून द्या, की पहिल्या वेळी तुम्ही दोष झाकलात. पण असं लिहून दिलंत, तर घराचं कर्जही वर चौकशीला जाईल."

"मग सोडून देऊ या."

"इसार बुडेल."

"बुडू दे. आपण काय पहिल्यांदा बुडतोय?"

"आईला सांगून बसलोय गं," तो म्हणाला. "रोज विचारते, पायरी दगडाची आहे की सिमेंटची."



तर घर घेतले गेले. दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून माझ्या पोटाखाली एक लाकडी टेकू उभा केला. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवायचे आणि मला बदलायचे, असे ठरले. आणि एके दिवशी, खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून, रंगाऱ्याची म्हातारी आई, म्हणजे आजी, या घरी आली.

त्या दिवसाचे काय सांगू! तिने खुर्ची दारातच ठेवायला लावली. मग मुलाच्या खांद्याला धरून खाली सरकली, पायरीवर बसली आणि अनवाणी पाय मातीवर टेकवले. "गार आहे रे," ती म्हणाली आणि रडायला लागली. पाच महिने ती त्या पायरीवर बसली. दूधवाल्याला तिने पहिल्याच आठवड्यात मुलगी सुचवली. शाळेतून येणाऱ्या पोरांना "दप्तर केवढं, तू केवढा!" म्हणून हसवले. देवाचे नाव घेता घेता मध्येच थांबून रस्त्यावरच्या कुणाला तरी "छत्री विसरलास का रे?" असे विचारायची आणि पुन्हा नाव घ्यायला लागायची. देवाचीही काही तक्रार नव्हती.

दुपारी ती माझ्याखाली आडवी व्हायची आणि वर बघत राहायची. एकदा तिने मुलाला विचारले, "ही तुळई कण्हते का रे?"

"ऊन लागलं की लाकूड बोलतं, आई."

"बोलणं वेगळं आणि कण्हणं वेगळं. मी म्हातारी आहे, मला कळतं."

तो बाहेर निघून गेला. मला वाटले, आता तरी सांगेल. नाही सांगितले.

सहाव्या महिन्यात एका दुपारी माझे टोक भिंतीतून सुटले. लांबीचा पांढरा भुगा आधी पडला, मग मी वीतभर खाली आले आणि टेकू वाकडा करून अडकले. कौलांचा ढीग कोसळला तो नेमका आजीच्या अंथरुणावर. आजी तेव्हा पायरीवर होती. परमेश्वराने एवढी लाज राखली.

रंगारी रंगाने भरलेल्या हातांनी धावत आला. आधी त्याने अंथरूण बघितले, मग आईला. आई धुळीने पांढरी झाली होती.

"तुला माहीत होतं?" तिने विचारले.

त्याने मान खाली घातली. "होतं."

"मला सांगायचंस ना रे, वेड्या. थांबले असते मी वरती. आणखी दोन वर्षं टाकी बघितली असती. माझं काय अडलं होतं?"

"तुला दारात बसायचं होतं," तो म्हणाला, आणि पन्नाशीचा तो माणूस तिच्या मांडीत तोंड खुपसून लहान मुलासारखा रडला. ती त्याच्या केसांतला रंग नखाने काढत बसली.

घर राहण्याजोगे उरले नाही. जुन्या इमारतीत, त्याच तिसऱ्या मजल्यावर पुन्हा खोली मिळाली. खुर्ची आणली, चौघे आले. आजी म्हणाली, "जरा थांबा, पाचच मिनिटं." चौघे रस्त्यावर उभे राहिले. ती येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच हात वर केले, उचला म्हणून.

त्यानंतर मी एकटी. इकडे मोडक्या घराचा हप्ता, तिकडे खोलीचे भाडे. बायकोने शिवणयंत्र विकले आणि दुसऱ्याच्या दुकानात काजे-बटणे करू लागली. आजीला मात्र त्याने पुन्हा वचन दिले होते, की छप्पर झाले की परत नेतो. महिन्यातून एकदा तो यायचा, माझे माप घ्यायचा, जणू माझी लांबी बदलणार होती! एका महिन्यात तो आला, पण माप घेतले नाही. टेप खिशातच होती. रिकाम्या खोलीला सांगितल्यासारखे म्हणाला, "गेली. खिडकीशीच होती." बस, एवढेच.

दीड वर्षाने आता पैसे जमले. काल छप्पर उतरले, मी खाली आले आणि माझ्या जागी नवी तुळई चढली, कोवळी, पिवळी, डिंकाच्या वासाची. सुताराने विचारले, "रंग कोणता देणार? तुम्ही तर रंगारी."

"कुठलाच नाही," तो म्हणाला. "नुसतं तेल. तिला काय होतंय ते मला दिसलं पाहिजे."

पुढच्या दाराने तो आत जात नाही, मित्रांनो. सामान हातात असले तरी घराला वळसा घालून मागच्या दाराने जातो. पायरीवर त्याने अजून पाय ठेवलेला नाही. बायको मागच्या दाराची कडी आधीच काढून ठेवते.

माझा राग त्याच्यावर नाही. त्याने मला कपटाने झाकले नाही, लाजेने झाकले. आपले पडके बघितले तर कुणी दारात उभे करणार नाही, अशी भीती गरिबाला वाटते, आणि ती त्याला वरवर बघून पारखणाऱ्यांनीच घातलेली असते. म्हणून जाता जाता एवढेच मागते. तुमचे काही आतून कुजत असेल, तर त्यावर रंग चढवू नका. ज्याला दाखवायचे त्याला वेळेवर दाखवा. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी इंजिनियर व्हाल, कुणी डॉक्टर, कुणी बँकेत खुर्चीवर बसाल. तुमच्यापुढे कुणी नीटनेटके होऊन, घाबरून उभे राहिले, तर नुसते "वा!" म्हणून पुढच्या घरी जाऊ नका. थोडे थांबा. एकदा हात लावून बघा.