तळघरापर्यंत पोचलेला आवाज

मित्रांनो, मी कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या एका रुग्णालयातला जुना वॉकीटॉकी आहे. आम्ही दोघे जुळे एकाच खोक्यातून इथल्या संगणक विभागात आलो. यंत्रणा बंद पडली तर आमच्यावरून बोलायचे, असे विभागप्रमुख मार्लीन कोवाल्चुक यांनी ठरवले होते.

एकदा हिमवादळात फोनच्या तारा तुटल्या, तेव्हा आम्ही दोन दिवस अखंड बोललो. फार कौतुक झाले. पुढे संगणकावरून निरोप धाडायचे नवे चॅट आले आणि आमची रवानगी कपाटात झाली. "ही खेळणी कशाला सांभाळतेस?" असे त्यांचा सहकारी डेल नट्टल चिडवायचा. हळूहळू मार्लीनबाईही आम्हाला चार्ज करायला विसरू लागल्या.

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी चोर रुग्णालयाच्या संगणक यंत्रणेत शिरले. एकेक संगणक कुलूपबंद होऊ लागला. रुग्णांच्या नोंदींची राखीव प्रत शेजारच्या इमारतीच्या तळघरात होती. चोर तिच्यापर्यंत पोचू नयेत म्हणून तिची तार उपटायला डेल धावला. तिथे मोबाइल चालत नाही, म्हणून बाईंनी माझ्या जुळ्याला त्याच्या कमरेला अडकवले.

तेवढ्यात चॅटवर बाईंच्याच नावाने निरोप उमटला. तार काढू नकोस, सगळे ठीक आहे. बाईंनी तो लिहिलाच नव्हता, आणि तळघरातल्या पडद्यावर डेल तो वाचत असणार.

त्यांनी मला उचलले.  चार्ज संपत आल्याचा माझा लाल दिवा लुकलुकत होता. चार वाक्यांपुरता तरी जीव टिकू दे, एवढेच मी मनात म्हणत होतो.

"डेल, तो निरोप माझा नाही. तार काढ."

 खरखरीतून डेल म्हणाला, "तूच बोलतेयस कशावरून? रविवारी माझ्या घरी काय जाळलंस?"

"पॅनकेक. तुझ्या बायकोने बिचारीने तो मुकाट खाल्लाही. आता काढ."

आणि माझा दिवा विझला. शेवटचा शब्द पोचला की नाही, कुणालाच कळेना. मार्लीनबाई मला घट्ट धरून खिडकीशी उभ्या राहिल्या. वीस मिनिटांनी डेल धापा टाकत जिना चढून आला. त्याच्या हातात तार होती.

चार दिवसांनी त्या राखीव प्रतीवरून नोंदी परत आल्या आणि खोळंबलेल्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. लोकांनी पुन्हा माझे कौतुक केले. मित्रांनो, कौतुक नको. तुमच्याकडे आमच्यासारखे कोणी पडून असेल, तर त्याला आजच एकदा सुरू करून पाहा. त्या वीस मिनिटांत बाई माझे बटण पुन्हा पुन्हा दाबत होत्या आणि मी त्यांच्या हातात असूनही त्यांना धीराचा एक शब्द देऊ शकलो नाही.