साडेपाच फूट मी

मी एक जुना पोटमाळा आहे. करी रोडच्या एका चाळीत, कुशाबांच्या खोलीच्या डोक्यावर मी बेचाळीस वर्षं उभा आहे. सरकारी कागदावर मात्र एक दिवसही नाही. कागद सपाट असतो, मित्रांनो. त्याला लांबी कळते, रुंदी कळते. उंचीची गोष्ट काढली की तो झोपी जातो.

एका सुताराने मला तीन रविवारांत घडवलं. चार तुळया, वर फळ्या, एक चौकोनी तोंड आणि शिडी. त्याच वर्षी कुशाबांचा थोरला भाऊ वारला आणि त्याची बायको बकुळा दोन मुली घेऊन माझ्याकडे आली. छताचे वासे खाली आल्यामुळे माझ्या पोटात ताठ उभं राहता येत नाही. तरी वाकून वाकून दोन्ही मुली पदवीधर झाल्या. पेढे खाली वाटले गेले आणि कौतुकही खालच्याच खोलीचं झालं.

मी बेकायदा, असं सगळे म्हणत. पालिकेचा माणूस फाटकात दिसला की कुणीतरी हाक देई, "पाहुणे आले". दोन मिनिटांत चाळीतल्या साऱ्या शिड्या गायब. माझ्या तोंडाखाली चादर ताणली जाई आणि वर बकुळा शिंकही गिळून बसे.

यंदा चाळीच्या जागी टॉवर बांधायचं ठरलं. त्याआधी नवी मोजणी होणार होती. खोली न् खोली उंचीसकट संगणकात उभी करणारी. मोजणीत सापडेल ती जागा नव्या इमारतीत धरायची आणि तिथे राहणाऱ्याला घर द्यायचं, असं सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून ठरवलं. म्हणजे मी सापडलो तर बकुळेला स्वतःचं घर. कुशाबांनीच तिला हे तीनदा वाचून दाखवलं होतं.

आणि मोजणीवाली दीपिका तिपाईवरचं यंत्र घेऊन फाटकात शिरली, तेव्हा हाक आली, "पाहुणे आले".

हातांना डोकं नसतं. कुशाबांनी शिडी शेजारी पोहोचवली, चादर ताणली आणि घाम पुसत दार उघडलं.

दीपिकाने यंत्र फिरवलं. "काका, बाहेरून खोली चौदा फूट उंच आहे. आतून आठ. मधले सहा फूट कुठे गेले?"

"छत जाड आहे," कुशाबा म्हणाले.

"सहा फूट?"

"जुनं बांधकाम आहे, पोरी. तेव्हा माल चांगला मिळायचा."

ती वहीत लिहायला लागली. माझ्या फळ्या थंड पडल्या. बेचाळीस वर्षं, आणि माझ्या नावावर लागणार होतं, जाड छत.

तेवढ्यात चादरीमागून आवाज आला. "भावजी, शिडी आणा."

"वहिनी, गप्प बसा जरा."

"बेचाळीस वर्षं बसले. पाहुण्यांना वर पाठवा. नाहीतर मी उडी मारते, मग माझीच उंची मोजा."

कुशाबांनी जीभ चावली आणि शिडी आणायला धावले. दीपिका वर आली, माझ्याकडे पाहून वाकली. प्रत्येक कोपरा मोजला. अंधारी जागा, आतली उंची साडेपाच फूट. वास्तव्य, बकुळा. यंत्राच्या पडद्यावर खालच्या खोलीच्या डोक्यावर मी पेटीसारखा उमटलो. बकुळेने ती पेटी बोटाने चाचपून पाहिली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी माळ्यावर, जिन्याखाली, पडद्याआड राहत असेल, तर पाहुणे आले म्हणून त्याला लपवू नका. आधी त्याचीच ओळख करून द्या.

मला पुढच्या वर्षी पाडणार आहेत. खुशाल पाडा. पण आता पाडायच्या यादीत माझं नाव लिहावं लागेल, आणि त्याच्यापुढे बकुळेचं.