पट्टी वाचणारी

“बाई, ती परत बोलतेय!”

पुढच्या टेबलावरच्या दोघी वजनं टाकून उठल्याच होत्या. बाईंनी खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. लहान चणीमुळे सगळे जिला चिमणी म्हणत, त्या मुलीने स्प्रिंगला एक वजन अडकवलं होतं आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून ती हळूच विचारत होती, “अगं, किती?”

या प्रयोगाला दोघी लागतात. एकीने वजन लावायचं, दुसरीने गुडघ्यांवर बसून, डोळा काट्याच्या पातळीत आणून पट्टी वाचायची. चिमणीची जोडीदार, वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, सुट्टीत तापाचं निमित्त होऊन गेली. त्यानंतर बाईंनी चिमणीला नवी जोडीदार देऊन पाहिली. ती रडत परत आली. “तिथं कुणीतरी उभं असतं, बाई.”

भुताखेतांच्या गोष्टी करणारीला बाई तास संपेपर्यंत उभं ठेवत. पण आज सकाळी त्यांचीच जीभ घसरली होती. हजेरीचे नंबर त्यांना तोंडपाठ; सवयीने गेलेल्या मुलीचाही नंबर पुकारला गेला. आणि चिमणीच्या बाकावरून उत्तर आलं, “हजर, बाई.” आवाज चिमणीचाच होता. बहुतेक.

“ते टेबलच हलवा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, “म्हणजे विषय मिटेल.” चिमणीच्या आईने मात्र कालच जिन्यात गाठलं होतं. “घरी अवाक्षर काढत नाही हो. जेव म्हटलं की जेवते, एवढंच. शाळेत तरी बोलते का?” बाई “बोलते,” म्हणाल्या होत्या. कुणाशी, ते सांगवलं नव्हतं.

आता सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता.

“आपापल्या पट्टीकडे बघा गं,” बाई म्हणाल्या आणि खिडकीपाशी गेल्या. त्या रिकाम्या जागेशी येताच त्यांचं पाऊल अडलं. तरी टेबलाची कड धरून त्या खाली बसल्या.

“अगं, किती?” चिमणीची नजर अजून वरच होती, उंच मुलीचा चेहरा असायचा तिथे.

“चौदा पॉइंट दोन,” बाई म्हणाल्या.

चिमणी दचकली. तिने खाली पाहिलं. मग पुटपुटली, “ती पॉइंट तीन म्हणाली असती. खाली बसायचीच नाही, उभ्याने बघून नेहमी जास्तच वाचायची.”

“मग?”

“मग आम्ही भांडायचो.”

“मग भांड की. मी दोनच म्हणणार.”

चिमणी वाकली. काट्याकडे एकटक बघत राहिली. “दोनच आहे,” ती म्हणाली आणि बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली. वर्गात कुणीही वळून बघितलं नाही.

घंटा झाली. मुली पाय न वाजवता निघून गेल्या. चिमणीने बाहीला नाक पुसलं.

“बाई, वजनं काढतानाही वाचायचं असतं ना?”

“असतं.”

“तुमचे गुडघे दुखतील.”

“दुखू देत. काढ तू.”

तिने एक वजन काढलं. स्प्रिंग वरखाली हेलकावू लागली. ती स्थिर होईपर्यंत दोघी काट्याकडे बघत थांबल्या.